बोर्डाची परीक्षा संपली की वेळास: चार मुलं, तीन रात्री, एकच गाव

आमच्या घरात आता कुणाचंच गाव उरलेलं नाही. आईच्या माहेरचा वाडा विकला गेला, सासरचं घर रस्त्यात गेलं, आणि मुलांचे मामा राहतात हडपसरला, आठव्या मजल्यावर. सुट्टी लागली की पोरांना एसटीत बसवून महिनाभर धाडून द्यायची सोय संपली. त्यामुळे गेली काही वर्षं आम्ही गाव निवडतो, फोन करतो, पैसे भरतो आणि जातो. बरोबर माझा सहा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची भाची, चौदा वर्षांची थोरली आणि सोळा वर्षांचा पुतण्या असतो. शिवाय आम्ही तीन मोठे आणि बहात्तर वर्षांची आई. या वयाची मुलं घेऊन कोकणातल्या खेड्यात जायचं असेल तर काय बघायचं, ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या निमित्ताने लिहिते.

पहिल्या सहलीत मी केलेली चूक आधी सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. दोन दिवसांत दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी आणि आंजर्ले असा बेत मी कागदावर आखला होता. सगळं पाहूनही झालं. पण मुलांनी मुख्यतः गाडीची मागची सीट पाहिली. धाकट्याला तीनदा उलटी झाली, पुतण्याने कानातले इअरफोन काढलेच नाहीत, आणि आईचे पाय सुजले. परतल्यावर भाचीला काय आवडलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "जंगलजेटी." गाड्यांसकट खाडी पार करणाऱ्या या बोटीच्या बागमांडला ते वेसवी अशा पंधरा मिनिटांच्या फेरीत ती गाडीतून उतरून कठड्याला टेकून उभी राहिली होती. दोन दिवसांत तेवढाच वेळ तिला काही घाई नव्हती.

त्यानंतर आमचा नियम ठरला. गाव एक, रात्री तीन. दोन रात्रींत येण्याचा आणि जाण्याचा दिवस वजा केला की हातात एकच दिवस राहतो. धाकट्यांना नव्या जागेत रुळायलाच तेवढा लागतो.

वेळास का, तर कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ती चोरीला जायची, कुत्री-कोल्हे उकरून खायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. आता घरटं सापडलं की अंडी उचलून किनाऱ्यावरच्याच कुंपणात पुन्हा वाळूत पुरतात. पन्नास दिवसांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात, आणि सकाळी सातच्या सुमारास व संध्याकाळी सूर्यास्ताआधी त्यांना समुद्राकडे सोडतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम.

हाच काळ परीक्षांचा, आणि खरी अडचण इथेच येते. बोर्डाची परीक्षा साधारण मार्चच्या मध्यावर आटोपते, धाकट्यांची वार्षिक एप्रिलमध्ये. आम्ही मधली फट पकडतो आणि शनिवार-रविवार मुद्दाम टाळतो. रविवारी दुपारी पोहोचायचं, बुधवारी निघायचं. शनिवारी सकाळी, पिल्लं सोडतात तिथे बांधलेल्या दोरीमागे इतकी गर्दी असते की सहा वर्षांच्या मुलाला पुढच्याची पाठच दिसते. मंगळवारी तिथे आम्ही धरून वीसेक माणसं होती. त्यासाठी धाकट्यांची तीन दिवस शाळा बुडवली. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मुलांना निघण्याआधीच सांगा: पिल्लं रोज निघत नाहीत. वाळूखाली काय चाललंय ते कुणाच्या हातात नसतं. फोनवर यजमानांना "सध्या घरटी निघतायत का?" एवढं विचारून दिवस ठरवा, पण वचन मागू नका. आमची पहिली संध्याकाळ रिकामी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली सतरा पिल्लं. तळहाताहून लहान, वाळूने माखलेली. धाकटा, जो घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत उकिडवा बसून होता. फ्लॅश मारायचा नाही, दोरी ओलांडायची नाही, हात लावायचा नाही, हे त्याला गाडीतच तीन वेळा म्हणायला लावलं होतं. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे मोठ्या दोघांना नीट समजावून सांगितलं. वाळू किती तापते त्यावर पिल्लं नर होणार की माद्या ते ठरतं, हे ऐकून थोरली दिवसभर त्याच विषयावर बोलत होती.

राहायची जागा फोनवर ठरवताना

वेळासला लोक आपल्या घरातच पाहुणे ठेवतात. पडवीत गाद्या, मागे न्हाणीघर, जेवण घरचं, आणि दर बहुतेक माणशी असतो. लहान मुलाचे किती, ते आधी विचारा. संडास घराला लागून आहे की मागच्या परसात, कमोड आहे का (आईचे गुडघे), वीज गेली तर पंख्याची सोय काय, हे संकोच न करता विचारा. यजमानांना अशा प्रश्नांची सवय असते. लहानांसाठी कमी तिखट भाजी बाजूला काढायला आदल्या दिवशीच सांगा. मोदक हवे असतील तर तेही आधी सांगा, नारळ खवायला वेळ लागतो. आमच्याकडे जेवण पूर्ण शाकाहारी होतं: सकाळी घावन नाही तर आंबोळी, दुपारी भात-आमटी, सोलकढी, रात्री कुळथाचं पिठलं. पुतण्याला मासे हवे होते, त्याला परतताना हरिहरेश्वरच्या खानावळीत सुरमई खिलवली. तेवढ्यावर भागलं.

बरोबर वयात आलेली मुलगी असेल तर आणखी एक. पाळीची तारीख बघा आणि पॅड घरूनच न्या. वापरलेले कागदात गुंडाळून पिशवीतून परत आणा, खेड्यात कचऱ्याची गाडी येत नाही. न्हाणीघराला आतून कडी आहे का, हे मी फोनवरच विचारते. पहिल्या सहलीत, दुसऱ्या एका गावी, ती नव्हती. थोरली दोन दिवस आंघोळीला तयार नव्हती आणि कारणही सांगत नव्हती. ते मला फार उशिरा कळलं.

रोख पैसे पुरेसे न्या, फोनवरून पैसे पाठवायला प्रत्येक वेळी रेंज असेलच असं नाही.

रस्ता

पुण्याहून आम्ही ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर असं जातो आणि बागमांडल्याला जंगलजेटीत गाडी चढवतो. पहाटे साडेपाचला निघायचं. ज्याला गाडी लागते त्याला घाटात पुढच्या सीटवर बसवा, पोटात काहीतरी कोरडं हवं, रिकामं पोट आणि भरलेलं पोट दोन्ही वाईट. आलेपाकाची वडी, आवळासुपारी आणि हाताशी प्लास्टिकच्या चार पिशव्या. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती निघण्याआधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. जेटी रात्री बंद असते, म्हणून शेवटची फेरी कितीची ते त्या दिवशी फोन करून विचारा.

मोठ्या मुलांना खरं काम द्या

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सोळा वर्षांच्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेनंतर दोनच गोष्टी हव्या असतात, झोप आणि फोन. दोन्ही काढून घेऊ नका. रेंज गावात सगळीकडे सारखी मिळत नाही, हे आधी सांगा, गाणी घरूनच भरून घेऊ द्या. आणि मग त्याला असं एक काम द्या जे त्याने केलं नाही तर सगळ्यांचं अडेल. "जरा पाणी आण" हे काम नव्हे.

पुतण्याकडे आम्ही भरती-ओहोटी दिली. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी आणि रात्री पावणेचारच्या सुमारास समुद्र भरलेला. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण असतं, पाणी जास्त चढतं. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून किनाऱ्यावर गावच्या माणसाला विचारून खात्री करायचीच. पण त्याने दिनदर्शिकेवरून तीन दिवसांचा तक्ता केला, पडवीच्या खांबाला चिकटवला, आणि यजमान आजोबांनी वाचून मान डोलावली. त्यानंतर "आत्ता पाण्यात नाही" हे तो म्हणायचा आणि धाकटी ऐकायची. माझं कधी ऐकत नाहीत.

तक्त्याचा उपयोगही झाला. परतताना हरिहरेश्वरच्या देवळामागची खडकांवरची प्रदक्षिणा करायची होती. ती वाट ओहोटीलाच. भरतीत तिथे लाट माणूस ओढून नेते, असे अपघात झालेले आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा तक्त्यानुसार पाणी चढत होतं. त्याने नको म्हटलं, आम्ही वरूनच नमस्कार केला.

पाण्यात लहानांना घोट्यापर्यंत, मोठ्यांना गुडघ्यापर्यंतच. ओहोटी सुरू झाली की ओढ आत असते, तेव्हा सगळे बाहेर. मुलांवर डोळा एका मोठ्या माणसाचाच हवा, आणि कुणाचा ते ठरवून, तोंडाने बोलून. "सगळे होते की" असं म्हणायची वेळ येऊ नये.

थोरलीकडे रोजचा बटवा होता. सकाळी ठरलेली रक्कम तिच्या हातात, कोकम सरबत, चहा, जेटीचं तिकीट सगळं तिने द्यायचं, वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी तिने धाकट्याला तिसरं सरबत नाकारलं.

दुपार मोकळी ठेवा

मार्चअखेरीस कोकणात उकाडा असतो. सकाळी आठनंतर आणि दुपारी चारच्या आधी काहीही ठरवू नका. कासवं झाली, न्याहारी झाली की यजमान वाडीचं शिंपणं काढतात. आमच्या मुलांना त्यांनी पोफळीच्या आळ्यांत पाणी सोडायला दिलं, आणि दहा वर्षांची भाची रोज सकाळी आधी तिकडे पळायची. दुपारी पडवीत पत्ते, झोप, आईच्या गोष्टी. नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच, त्यांचं स्मारक गावातच आहे, ते संध्याकाळी किनाऱ्याकडे जाता जाता होतं. बाणकोटचा किल्ला जवळच. सावित्री नदी समुद्राला मिळते ती जागा तिथून दिसते. तिथे आम्ही एका संध्याकाळी गेलो, उन्हं कलल्यावर.

रात्री विजेरी घेतल्याशिवाय अंगणाबाहेर पाऊल नाही, आणि सकाळी चपला झटकूनच घालायच्या. पालापाचोळ्यात विंचू असतो. जवळचा दवाखाना कुठे आणि रात्री गाडी कोण काढेल, हे पहिल्याच दिवशी यजमानांना विचारून ठेवा. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं आणि डासांचं मलम बरोबर हवंच.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा किनाऱ्यावर जा, सामान आदल्या रात्रीच बांधा. आम्ही बुधवारी गेलो तेव्हा नऊ पिल्लं होती. पुतण्या आम्हाला उठवायच्या आधीच पोहोचला होता. फोन खिशात, चपला हातात. "पाणी अजून चढतंय," तो म्हणाला, "यांना आज कमी चालावं लागेल."