ट्रॅक कारचे हेडलाइट काढताना खरे काम झाकणाचे असते

हेडलाइट काढणे सोपे आहे. मागे उरलेले भगदाड नियमांत बसेल असे बुजवणे कठीण आहे. ‘वजन वाचते, काढून टाका’ एवढाच सल्ला देणारे बहुधा स्क्रुटिनियरसमोर, म्हणजे शर्यतीसाठी गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, कधी उभे राहिलेले नसतात.

पाना हातात घेण्यापूर्वी आपल्या शर्यतीच्या वर्गाची नियमावली वाचावी. काही वर्गांत मूळ हेडलाइट जागेवरच लागतात आणि काचेचे तुकडे ट्रॅकवर सांडू नयेत म्हणून त्यांवर फक्त टेप लावायची असते. काही वर्गांत ते काढता येतात, परंतु ती जागा मूळ आकारातच झाकावी लागते आणि तिथून इंजिनाला हवा देता येत नाही. गाडी आधीच नियमातल्या किमान वजनावर असेल, तर वाचलेले किलो बॅलास्टच्या (भरीच्या वजनाच्या) रूपाने परत घालावे लागतात. अर्थात तो बॅलास्ट खाली, गाडीच्या मध्याकडे बसवता आला तर तोही फायदाच आहे.

हेडलाइट जागेवर असतानाच त्याच्या काचेवर मास्किंग टेपचे आडवेउभे थर द्यावेत, भोवतीच्या फटीवरून पेन्सिल फिरवावी आणि तो सबंध पापुद्रा सोलून पुठ्ठ्यावर चिकटवावा. दिवा काढल्यावर केवळ रिकाम्या भोकावरून घेतलेले माप नेहमी फसते. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवून दिवे काढावेत. झेनॉन दिवा पेटताना वीस हजारांहून अधिक व्होल्टचा झटका तयार होतो, म्हणून येथे घाई नको. कनेक्टरांची तोंडे बंद करून तारा पंख्यापासून दूर बांधाव्यात आणि ब्रेकलाइट व मागचा रेनलाइट (पावसात गाडी दिसावी म्हणून असलेला दिवा) चालतो याची खात्री करावी.

आता झाकण. माझे पहिले झाकण दुहेरी टेप आणि बंपरच्या प्लॅस्टिकमध्ये मारलेल्या चार रिव्हेटांवर उभे होते. सर्वांत वेगवान सरळ पट्ट्यावर त्याची फेंडरकडची कड उचलली गेली आणि पुढच्याच फेरीत मला काळ्यावर नारिंगी गोल असलेला, बिघडलेल्या गाडीला पिटमध्ये बोलावणारा झेंडा दिसला. समोरून येणारी हवा झाकण आत दाबेल, हा माझा समज अर्धवट होता: हवा कोपऱ्यावरून वळते तिथे कमी दाब तयार होतो आणि तो कड बाहेर ओढतो. ताशी २०० किमी वेगाला हवेचा गतिज दाब सुमारे १,९०० पास्कल असतो, म्हणजे ०.१ चौरस मीटरच्या झाकणावर १९ किलोच्या आसपास भार येऊ शकतो. टेप आणि प्लॅस्टिकच्या भरवशावर हा भार सोडू नये.

म्हणून दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा घ्यावा, त्याची कड कानशीने गोल करावी, कारण धारदार कड तपासणीत नापास होते, आणि हेडलाइट ज्या बिंदूंवर बोल्टने बसला होता त्याच बिंदूंपासून ब्रॅकेट काढून पत्रा मोठ्या वॉशरसह बोल्टने आवळावा. फेंडरकडच्या कडेला किमान दोन बोल्ट हवेतच. काही गाड्यांत बंपरचा कोपराही हेडलाइटच्या खोक्यावर टेकलेला असतो. तिथे त्याला वेगळा आधार द्यावा, नाहीतर झाकण टिकेल आणि बंपर लोंबकळेल.

शेवटी झाकण आणि फेंडर यांवरून मार्करची एक सलग रेघ ओढावी. तीन फेऱ्या मारून पिटमध्ये यावे. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे झाकण सरकले असेल, तर बोल्ट आणखी आवळत बसण्याऐवजी ब्रॅकेटच नवे करावे.