आयटी प्रमाणपत्र परीक्षेच्या केंद्रावर: जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा), सिक्युरिटी प्लस (कॉम्पटिया या संस्थेची संगणक-सुरक्षेची परीक्षा), एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) किंवा अझ्युअर (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) यांपैकी एखाद्या परीक्षेचा अभ्यास महिनोन्‌महिने करणारे पुण्यातले उमेदवार प्रत्यक्ष परीक्षा केंद्रावर काय होते, याची चौकशी मात्र अगदी आदल्या दिवशी करतात. केंद्रावर उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ घरी बसून केलेल्या नोंदणीत असते, त्यामुळे ही चौकशी पैसे भरण्यापूर्वी व्हायला हवी. परीक्षा सिस्कोची असो वा मायक्रोसॉफ्टची, ती घेण्याचे काम पिअर्सन व्ह्यू ही स्वतंत्र संस्था करते आणि तिचे अधिकृत केंद्र अनेकदा एखाद्या प्रशिक्षण संस्थेतल्या दोन-तीन खोल्यांत असते. तिथल्या कर्मचाऱ्यांना नियमात सूट देण्याचा अधिकार नसतो. त्यांच्यावरही कॅमेऱ्याची नजर असते, हे लक्षात ठेवले तर त्यांच्याशी वाद घालण्याची वेळ येत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न नावाचा आहे. नोंदणीतले पहिले नाव आणि आडनाव ओळखपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे, असा नियम आहे आणि आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे नेमका तिथेच घोळ होतो. पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात आलेले असते, पॅन कार्डावर मधले नाव वेगळे असते, तर कंपनीच्या ईमेलवर नुसते आद्याक्षर असते. ‘चौधरी’ या एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग सख्ख्या भावंडांच्या कागदपत्रांतही वेगवेगळे सापडते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर पॅन कार्ड माहेरच्या नावाचे आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा, अशी स्थिती सर्रास आढळते. म्हणून केंद्रावर कोणते ओळखपत्र दाखवायचे ते आधी ठरवावे, ते समोर ठेवून त्यावरील अक्षरे जशीच्या तशी नोंदणीत भरावीत आणि आधीच खाते काढलेले असल्यास त्यातले नाव तपासून घ्यावे. नंतर नाव दुरुस्त करायचे झाल्यास ग्राहक सेवेशी संपर्क साधावा लागतो, आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी ते काम होत नाही.

ओळखपत्र मूळ, मुदतीतले, शासनाने दिलेले आणि साधारणपणे नाव, छायाचित्र व सही असलेले लागते. आधार कार्डावर धारकाची सही नसते, त्यामुळे जिथे सहीची अट आहे तिथे केवळ आधारवर विसंबून जाऊ नये. पासपोर्ट सर्वांत निर्धोक. तो नसल्यास वाहन परवाना किंवा छापील पॅन कार्ड. मोबाइलवरची डिजिलॉकरची प्रत किंवा झेरॉक्स चालत नाही. काही कंपन्या दोन ओळखपत्रे मागतात. दुसऱ्यावर नाव आणि सही असली तरी पुरते. नोंदणीनंतर येणाऱ्या ईमेलमध्ये आपल्या परीक्षेपुरता नियम दिलेला असतो आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्यात पाच मिनिटेही जात नाहीत.

वेळेच्या बाबतीत एक सवलत अनेकांना ठाऊकच नसते. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना एडब्ल्यूएसची परीक्षा इंग्रजीतून देताना ३० मिनिटे वाढवून मिळतात. मात्र ही मागणी आपल्या खात्यातून परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी करावी लागते. असोसिएट या मधल्या पातळीवर ६५ प्रश्नांसाठी १३० मिनिटे असतात आणि प्रश्न चांगले लांबलचक असतात, तेव्हा मराठी मातृभाषा असलेल्या प्रत्येकाने ही अर्धा तासाची मुदत जरूर मागून घ्यावी. इंग्रजी उत्तम असणाऱ्यानेही ती घेण्यात काही कमीपणा मानू नये.

तारीख निवडताना पुण्याचे कॅलेंडर समोर असू द्यावे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात त्या दिवशी आणि अनंत चतुर्दशीला मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. त्या दिवसांत शिवाजीनगर किंवा कॅम्प भागातले केंद्र घेणे टाळावे. शनिवारच्या वेळा लवकर भरतात, कारण नोकरी करणाऱ्या सर्वांना तोच वार हवा असतो. केंद्र मेट्रोच्या मार्गावर असेल तर उत्तमच. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकावर एकमेकींना छेदतात, त्यामुळे शहराच्या बहुतेक टोकांकडून पार्किंगची चिंता न करता येता येते. हिंजवडी किंवा वाकडकडून रस्त्याने येणाऱ्यांनी, विशेषतः पावसाळ्यात, नकाशावर दिसणाऱ्या वेळेवर भरवसा ठेवू नये. नियोजित वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. १५ मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो आणि शुल्कही बुडते. तारीख बदलायची असेल तर ती निदान २४ तास आधी बदलावी.

केंद्रावर गेल्यावर ओळखपत्र तपासले जाते, नियमांचा कागद वाचायला दिला जातो, इलेक्ट्रॉनिक पाटीवर सही घेतली जाते आणि छायाचित्र काढले जाते. मोबाइल बंद करून लॉकरमध्ये ठेवायचा असतो. घड्याळ, पाकीट, चाव्या, पाण्याची बाटली, सगळे तिथेच. मग खिसे उलटे करून दाखवायला सांगतात, बाह्या वर करायला लावतात, चष्मा हातात घेऊन त्याच्या काड्या पाहतात. यात आपल्यावर कोणी संशय घेत आहे असे मानून मन खट्टू करून घेऊ नये. प्रत्येकाची तपासणी अशीच होते. ठसठशीत दागिने घरीच ठेवलेले बरे. वातानुकूलन अनेकदा कडक असते आणि काढलेला स्वेटर खुर्चीवर टाकून ठेवण्याची परवानगी बहुधा नसते, म्हणून पूर्ण बाह्यांचा कपडा अंगावर घालूनच जावे.

आत कोऱ्या कागदाऐवजी पुसता येणारा प्लॅस्टिकचा फलक आणि मार्कर मिळतो. बसण्यापूर्वी त्या मार्करने एक रेघ ओढून पाहावी. तो सुकलेला असेल तर तेव्हाच बदलून घेता येतो, पण सबनेटिंगचे (नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचे) गणित अर्ध्यावर असताना हात वर करून पर्यवेक्षकाची वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. फलक भरला तर तो स्वतः न पुसता दुसरा मागावा. शेजारच्या कप्प्यातला उमेदवार कदाचित निराळीच परीक्षा देत असतो आणि त्याच्या कीबोर्डचा खडखडाट आपल्या कानावर येत राहतो, तेव्हा कानात घालायचे बोळे केंद्रावरच मागून घ्यावेत.

पडद्यावर प्रथम गोपनीयतेचा करार येतो. तो ठरावीक वेळात स्वीकारला नाही तर परीक्षा तिथेच संपते, म्हणून त्याचा मजकूर कंपनीच्या संकेतस्थळावर आधीच वाचून ठेवावा. पुढे प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे आणि ती माहीत नसल्याने चांगली तयारी असलेले उमेदवारही गडबडतात. सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. सीसीएनएच्या १२० मिनिटांचे नियोजन त्या हिशेबानेच करावे. सिक्युरिटी प्लसमध्ये जास्तीत जास्त ९० प्रश्नांसाठी ९० मिनिटे असतात आणि प्रत्यक्ष कृती करून दाखवण्याचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात. त्यांवर खूण करून आधी सोपे प्रश्न उरकावेत आणि मग त्यांच्याकडे वळावे, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेत मध्ये उठता येते, पण घड्याळ चालूच राहते आणि उठण्यापूर्वी पाहिलेले प्रश्न पुन्हा उघडत नाहीत. यांपैकी कुठेही चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. एडब्ल्यूएसच्या ६५ प्रश्नांपैकी १५ तर गुणांत धरलेच जात नाहीत. एखादा प्रश्न अगदीच अनोळखी वाटला तर तो त्यांतलाही असू शकेल, आणि त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही.

वीज गेली, संगणक अडकला किंवा प्रश्नातली आकृती उघडली नाही, तर स्वतः काहीही दाबत न बसता लगेच हात वर करावा. अशा वेळी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घडल्या प्रकाराची नोंद झाली का, हे केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी विचारणे आणि त्या नोंदीचा क्रमांक लिहून घेणे. पुढे फेरपरीक्षेची मागणी करताना तोच क्रमांक आधाराला येतो. निव्वळ ‘संगणक बंद पडला होता’ एवढ्या सांगण्याने काम अडते.

निकालाची रीतही सारखी नाही. मायक्रोसॉफ्ट आणि कॉम्पटिया यांच्या बहुतेक परीक्षांत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते तिथल्या तिथे कळते. एडब्ल्यूएसचा निकाल पाच कामकाजाच्या दिवसांत खात्यावर येतो. सिक्युरिटी प्लससाठी ७५० गुण लागतात, पण मोजपट्टी १०० ते ९०० अशी असल्याने त्याची टक्केवारी काढत बसू नये. अपयश आले तर गुणपत्रकात कोणते विषय कच्चे राहिले ते दिलेले असते, तेवढा कागद जपून ठेवावा आणि पुढचा अभ्यास त्यावरूनच आखावा. पुन्हा बसण्यासाठी मायक्रोसॉफ्टला पहिल्या खेपेनंतर २४ तास, सिस्कोला पाच दिवस, एडब्ल्यूएसला १४ दिवस थांबावे लागते. कॉम्पटियाची दुसरी खेप लगेच देता येते, तिसरीसाठी मात्र १४ दिवसांचे अंतर लागते आणि प्रत्येक वेळी शुल्क नव्याने भरावे लागते.