एनएसच्या (सक्तीच्या लष्करी सेवेच्या) आधी थीम पार्कमध्ये जॉब करायचाय? मग असा कर, मजा येईल

सिंगापूरमध्ये वाढलेल्या आपल्या मराठी पोरांसाठी लिहितोय. आईबाबा ईपीवर (नोकरीच्या परवान्यावर) आले, मग घरात सगळ्यांचा पीआर (कायम राहायचा परवाना) झाला, बाबांना एनएस करावं लागलं नाही पण तुला करावंच लागणार, साडेसोळाला रजिस्ट्रेशन आणि अठरानंतर शिक्षणाचा टप्पा संपला की पूर्ण २ वर्षं. ए लेव्हल नाहीतर आयबी (इथली बारावी) संपते नोव्हेंबर-डिसेंबरात, पॉलिटेक्निकवाले त्यानंतर सुटतात, आणि टेकाँगला, म्हणजे आर्मीच्या ट्रेनिंगच्या बेटावर, जायची तारीख येईपर्यंत मध्ये काही आठवडे, कधी दोन-चार महिने हातात असतात. बरेच जण ट्यूशन घेतात किंवा दुपारपर्यंत झोपतात. माझं ऐकशील तर सेंटोसा बेटावर थीम पार्कमध्ये जॉब धर, कारण पुढची २ वर्षं कधी उठायचं कधी जेवायचं हे दुसरं कोणीतरी ठरवणार आहे, त्याआधी दिवसभर हसणाऱ्या माणसांमध्ये राहायचा चान्स सोडू नको.

अर्ज परीक्षा संपायच्या आधीच टाकून ठेव. नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरभर शाळांना सुट्टी असते, सेंटोसाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज थीम पार्कला तुडुंब गर्दी होते आणि माणसं हवी असतात. इंटरव्ह्यूमध्ये एनलिस्टमेंटची (एनएसला रुजू व्हायची) तारीख सरळ सांगून टाक, लपवायचं काहीच कारण नाही, इथे प्रत्येक घरातला मुलगा यातून जातो आणि समोर बसलेला माणूसही बहुतेक गेलेलाच असतो. तासाला किती, जेवण मिळतं का, रात्री उशिरा सुटलं तर घरी जायची सोय काय, सुट्टीच्या दिवशी स्टाफला पार्कात फिरता येतं का, हे सगळं तिथेच विचारून घे. व्हिवोसिटी मॉलवरून मोनोरेलने सेंटोसाला आत जाताना तिकीट पडतं, बाहेर येताना नाही, आणि वेळ असेल तर बोर्डवॉकवरून चालत जा, मस्त वाटतं.

आता कुठलं काम मागायचं. दुकानात एसी असतो आणि खाण्याच्या स्टॉलवर वेळ पटकन जातो, पण मला विचारशील तर राइडवरच जा, तेही बाहेरच्या. काम दिसायला सोपं असतं, पोरांची उंची मोजायची, बॅगा लॉकरमध्ये ठेवायला सांगायचं, प्रत्येकाचा सेफ्टी बार हाताने खाली दाबून ओढून बघायचा, मग अंगठा वर करायचा, आणि सगळ्यांचे अंगठे वर दिसल्याशिवाय पॅनेलवरचा माणूस गाडी सोडत नाही. दिवसभर तेच तेच करायचं, तरी प्रत्येक गाडीत माणसं नवी असतात, कोणी आजी पहिल्यांदाच बसलेली असते, कोणी बाबा पोरापेक्षा जास्त घाबरलेले असतात. त्यांच्याशी बोल, नुसता उभा राहू नको. उंचीत थोडक्यात हुकलेलं पोरगं रडायला लागलं तर गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यात बघून सांग की पुढच्या वर्षी नक्की, पण नियम मोडून आत मात्र कधीच सोडू नको. भारतातून आलेलं मराठी कुटुंब लाइनमध्ये दिसलं की "या काकू, इकडून या" एवढं म्हणून बघ, त्यांचे चेहरे असे खुलतात की तुझाही दिवस चांगला जातो.

डिसेंबर-जानेवारीत इथे पाऊस असतो, आणि वीज जवळ आली की बाहेरच्या राइड बंद करतात. लाइनमधली माणसं वैतागतात, तेव्हा तूच गप्पा मारायच्या, लहानांना कोडी घालायची. माझ्या मते या जॉबचा सगळ्यात भारी वेळ हाच. पुढे आर्मीत "कॅट वन" (वीज पडायच्या धोक्याचा इशारा) ऐकलंस की मैदानावरचं ट्रेनिंग असंच थांबेल.

पाय दुखणार हे नक्की. चांगल्या सोलचे बूट घे, जादाचे मोजे बॅगेत ठेव, पाणी पीत राहा. आणि दिवसभर उभं राहिलो म्हणजे व्यायाम झाला असं समजू नको. आयपीपीटी ही आर्मीची फिटनेस टेस्ट, म्हणजे पुशअप, सिटअप आणि २.४ किलोमीटर रन, एनलिस्टमेंटच्या आधी त्यात ६१ किंवा जास्त पॉइंट काढलेस तर एनएसचे २ महिने कमी होतात, २ महिने! टेस्ट कधीपर्यंत द्यायची ते आधीच बघून ठेव आणि दुपारची शिफ्ट असेल त्या दिवशी सकाळी पळून ये.

पहिला पगार बघून दचकू नको. महिन्याला ७५० डॉलरच्या वर गेलास की तुझा २० टक्के सीपीएफ (इथला पीएफ) कापला जातो (पीआर होऊन दोन वर्षं झाली नसतील तर कमी), सिंडा या भारतीयांच्या मदतसंस्थेचे थोडे डॉलरही जातात. सीपीएफ तुझ्याच नावावर राहतो.

एनलिस्टमेंटच्या आधी निदान दोन आठवडे जॉब सोड, तसं आधीपासून सांगून ठेव, म्हणजे पुण्याला आजीला भेटून येता येईल किंवा आईच्या हातचं निवांत खाता येईल. टेकाँगला पहिल्या दिवशी आईबाबांना फेरीबोटीने सोबत येता येतं, बंक (झोपायची खोली) बघता येतो, तिथलं जेवणही जेवता येतं, हे घरी नक्की सांग, आईचा अर्धा घोर तिथेच कमी होईल. कुकहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या मेसमध्ये, शाकाहारी जेवण मिळतं हेही सांग.

आणि टीममध्ये कोण कोण आहे ते बघ. काही तुझ्यासारखेच तारखेची वाट बघत असतात, काही ओआरडी होऊन, म्हणजे एनएस संपवून, युनिव्हर्सिटी सुरू व्हायची वाट बघत असतात. या दुसऱ्यांना ब्रेकमध्ये गाठ, एखादा माइलो पाज आणि टेकाँगला काय काय न्यायचं ते विचार. फूट पावडर, जास्तीची कुलुपं, नाव लिहायला परमनंट मार्कर, पॉवर बँक, ही यादी ते तोंडपाठ सांगतील, लगेच फोनमध्ये लिहून घे.