मन मोजायला कुठून सुरुवात करायची

कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं काम करतं याचं शास्त्र, शिकायला घेणारे बरेच जण ‘जाणीव म्हणजे काय’ या प्रश्नाला थेट हात घालतात आणि महिन्याभरात थकतात. प्रश्न मोलाचाच आहे, पण तो धरायची मूठ हातात नसते. आधी वेळ आणि चुका मोजायला शिका. मन आत काय करतं ते दिसत नाही. ते कशाला किती वेळ घेतं आणि नेमकं कुठे चुकतं, त्यावरून त्याची घडण ओळखावी लागते. डाँडर्स या डच शास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये हाच मार्ग धरला. दिवा दिसताच हात हलवायचा, याला लागणारा वेळ त्यांनी मोजला. मग दोन दिव्यांपैकी कुठला लागला हे ओळखून हात निवडायचा, याचा वेळ मोजला. दोन्हींतला फरक म्हणजे ओळखण्या-निवडण्याचा वेळ.

पहिल्या प्रयोगाला वही, पेन, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि मध्य रेल्वेने रोज जाणारे ८ जण एवढंच लागतं. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर ही १० नावं एका कागदावर क्रमाने लिहा आणि दुसऱ्यावर उलटसुलट करून. ४ जणांना पहिली यादी वाचून दाखवा, उरलेल्या ४ जणांना दुसरी. एकाच माणसाला दोन्ही देऊ नका, कारण दुसऱ्या वेळी नावं आधीच माहीत झालेली असतात. वाचून झालं की ऐकलेल्या क्रमानेच लिहायला सांगा. योग्य जागी आलेल्या नावालाच गुण द्यायचा, हे आधीच ठरवून वहीत लिहा. किती गुण येतील याचा तुमचा अंदाजही आधीच लिहा. निकाल पाहिल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं सगळ्यांनाच वाटतं, आणि मग शिकणं तिथेच थांबतं.

क्रमाची यादी जवळजवळ सगळे पूर्ण लिहितील. दुसऱ्या यादीत बहुतेकांच्या हाती सुरुवातीची काही आणि शेवटची एक-दोन नावं लागतात, मधली गळतात. नावं तीच, माणसं त्याच गाडीची. फरक पडतो तो आधीपासून पाठ असलेल्या साखळीमुळे: ‘भायखळा ते घाटकोपर’ हा मनाला एकच गठ्ठा असतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्पुरत्या स्मृतीत साधारण ७ गठ्ठे मावतात असं मांडलं. घोकायला आणि गठ्ठे बांधायला वाव दिला नाही तर आकडा ४ च्या आसपास येतो, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं. बुद्धिबळातल्या १९७३ च्या प्रसिद्ध प्रयोगाची मांडणीही अशीच होती. खऱ्या डावातली मांडणी उस्तादांना एका नजरेत बरीचशी आठवे, पण सोंगट्या कशाही ठेवल्या की नवख्यांवरची त्यांची आघाडी जवळपास संपे.

आता तेच दोन कागद मध्य रेल्वेने कधी न जाणाऱ्या, बोरिवली-विरारकडच्या ८ जणांना द्या. स्पष्टीकरण बरोबर असेल तर त्यांच्यात दोन याद्यांमधला फरक खूपच कमी दिसायला हवा. ही तुलना केल्याशिवाय पहिला निकाल अर्धाच.

बिघडतं ते बहुधा वाचण्यात. सेकंदाला एक नाव, सपाट आवाजात. दोन-तीन नावं एका लयीत म्हटलीत तर गठ्ठा तुम्हीच बांधून दिलात. उलटसुलट यादीत परळ-दादर असे शेजारी लागोपाठ आले तरी तेच होतं. लागोपाठची स्टेशनं हाताने वेगळी करा.

दुसरा प्रयोग खास मराठीचा आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता! मतं भरपूर मांडली गेली. वादातलं थोडं तरी आपल्याला घरी मोजता येतं. ३० संख्या मराठीत सांगा आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करायला लावा. कागद नको, कारण कागदावर काही जण ७ आधी उजवीकडे लिहून ४ नंतर डावीकडे भरतात आणि चूक लपते. मग त्याच माणसाला तितक्याच संख्या ‘चाळीस सात’ अशा सांगा. अर्ध्या लोकांना हा प्रकार आधी द्या, नाहीतर सरावाचा फायदा नेहमी दुसऱ्याच प्रकाराला मिळेल. ३३, ४४ सारख्या आणि शून्यान्त संख्या वगळा. त्यात अदलाबदल दिसूच शकत नाही. एकोणचाळीस, एकोणसाठ यांचा रकाना वेगळा ठेवा. ४७ च्या जागी ७४ ही अदलाबदल झाली; एकोणसाठ ऐकून ६९ टाइप करणं ही वजाबाकी राहून गेल्याची चूक आहे. दोन्ही एकत्र मोजल्या तर कशाचंच कारण सापडणार नाही.

तिसरा प्रयोग मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा, १९३५ चा. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘निळा’ पिवळ्या शाईत, असे २४ शब्द लिहा आणि शब्द न वाचता शाईचा रंग मोठ्याने सांगायला लावा. तुलनेसाठी २४ रंगीत ठिपके. वाचन आवरत नाही म्हणून शब्दांना जास्त वेळ लागतो. समोरच्याला न येणाऱ्या लिपीत, समजा तमिळमध्ये, तिसरा कागद केलात तर हा अडथळा नाहीसा व्हायला हवा. त्यासाठी गुजराती लिपी मात्र घेऊ नका. दुकानांच्या पाट्या पाहून मुंबईतल्या अनेकांना ती थोडीफार लागते.