१९६९ च्या ए-१२ गाडीचे काळे मॅट बॉनेट: रंगवण्यापूर्वीची तयारी

१९६९ साली डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यातून डॉज सुपर बी आणि प्लिमथ रोड रनर या अमेरिकी गाड्यांची जी ए-१२ आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात ४४० घन इंचांचे इंजिन, त्यावर होली कंपनीचे तीन कार्ब्युरेटर आणि कागदोपत्री ३९० अश्वशक्ती होती. पण या गाडीची खूण दुरूनच पटते ती तिच्या बॉनेटमुळे. गाडीचा रंग कोणताही असला तरी बॉनेट काळे आणि चकाकी नसलेलेच असे. ते पत्र्याचे नसून फायबरचे होते, त्याला बिजागऱ्या नव्हत्या, चार पिनांवर ते बसत असे आणि उघडायचे म्हणजे दोघांनी उचलून बाजूला ठेवावे लागत असे. हा रंग कारखान्यातून आला तसा पुन्हा आणायचा असेल, तर स्प्रे गन हातात घेण्यापूर्वीच बरेचसे काम झालेले असावे लागते, कारण मॅट रंगावर नंतर घासून किंवा पॉलिश करून काहीही सुधारता येत नाही.

सर्वप्रथम गाडी खरोखर ए-१२ आहे ना, हे पाहावे. चेसिस क्रमांकातील पाचवे अक्षर ‘एम’ आणि सातवे ‘ए’ असायला हवे. त्यातले पहिले इंजिनाचे आणि दुसरे कारखान्याचे चिन्ह आहे. त्यानंतर बॉनेट मूळचे आहे की नंतर घेतलेली प्रतिकृती, याचा निर्णय करावा. मूळ बॉनेटवर जुना रंग बऱ्या अवस्थेत शिल्लक असेल, तर माझ्या मते तो मुळीच काढू नये. थोडा फिका पडलेला खरा रंग नव्या निर्दोष रंगापेक्षा अधिक मोलाचा असतो. रंग काढणे अटळच असेल, तर पिनांच्या चकत्यांखाली आणि स्कूपवरील (बॉनेटवरच्या हवा आत घेणाऱ्या उंचवट्यावरील) अक्षरांखाली, जिथे ऊन पोहोचलेले नाही, तिथे मूळ काळा कसा होता ते पाहून त्याची दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत आणि शक्य झाल्यास ग्लॉसमीटरने चकाकीची नोंद करावी. स्कूपच्या दोन्ही बाजूंच्या लाल अक्षरांची जागा ट्रेसिंग पेपरवर काठांसकट उतरवून घ्यावी. हे विसरले तर पुढे अंदाजाने चिकटवणे एवढेच हाती उरते.

फायबर हा पत्रा नव्हे, हे पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ध्यानात ठेवावे लागते. रंग काढण्याची तीव्र रसायने रेझिन (फायबरचे धागे बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ) मऊ करतात आणि वाळूचा मारा फायबरचे धागे उघडे पाडतो, म्हणून जुना रंग लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने, १८० नंबरपासून सुरुवात करून, हातानेच उतरवावा आणि वरचा गुळगुळीत थर दिसू लागताच थांबावे. पिनांच्या भोकांभोवती आणि स्कूपच्या बुडाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा बहुधा सापडतातच. त्यांवर नुसती पुट्टी ओढली तर इंजिनाच्या थरथराटाने त्या पुन्हा उमटतात. त्या खोलवर खरवडून रेझिन आणि काचेच्या धाग्यांची चटई यांनीच भराव्यात. साच्यातून आलेली पृष्ठभागाची किंचित लहर मात्र तशीच राहू द्यावी, कारण ती सपाट केली की बॉनेट नव्या गाडीचे वाटू लागते.

प्रायमरआधी बॉनेट एकदा गाडीवर बसवून फेंडरशी असलेल्या फटी तपासाव्यात; प्रतिकृतीचे काठ बहुतेक वेळा घासावे लागतात आणि ते काम रंगानंतर करता येत नाही. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत, ते पुरते वाळल्यावर ४०० आणि शेवटी ६०० नंबरने घासावे.

रंगाच्या निवडीबाबत मतभेद आहेत. काळ्यावर मॅट क्लिअरचा, म्हणजे चकाकी नसलेल्या पारदर्शक रंगाचा, थर देण्याची आजची रीत सोयीची असली, तरी त्यातून येणारी खोली मूळ बॉनेटला नव्हती; म्हणून चकाकी कमी करणारे मॅटिंग द्रव्य मिसळलेला, एकाच थरात पूर्ण होणारा पॉलियुरेथेन मला अधिक योग्य वाटतो. द्रव्याचे प्रमाण डब्यावरच्या तक्त्यावरून ठरवून मोकळे होता येत नाही. फायबरच्या किमान तीन तुकड्यांवर तोच प्रायमर आणि वेगवेगळी प्रमाणे वापरून नमुने काढावेत, ते काही दिवस पूर्ण वाळू द्यावेत, कारण ओला रंग नेहमीच अधिक चकाकतो, आणि मग उन्हात, समोरून व तिरक्या नजरेने, चकतीखालच्या मूळ रंगाशी ताडून पाहावेत. सर्वांत काळा नमुना निवडण्याचा मोह आवरावा. प्रमाण ठरले की लागणाऱ्या रंगापेक्षा तिसरा हिस्सा अधिक, असा सगळा रंग एकाच वेळी कालवावा. दुसऱ्यांदा कालवलेला रंग पहिल्याशी क्वचितच जुळतो. मॅटिंग द्रव्य तळाशी बसते, म्हणून गन भरताना प्रत्येक वेळी डबा ढवळून, गाळूनच ओतावे.

या रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रवात, आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, तेव्हा बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि अंगभर झाकणारा पोशाख यांची व्यवस्था झाल्याशिवाय रंगाचा दिवस ठरवूच नये. कॉम्प्रेसरमधील पाणी काढलेले असावे, शेडमध्ये सिलिकॉनचा कोणताही फवारा असू नये आणि हवा २० ते २५ अंशांच्या दरम्यान, कोरडी असावी. बॉनेट आडवे ठेवून आधी काठ व स्कूपच्या आतील बाजू घ्याव्यात, मग एका बाजूपासून दुसरीकडे न थांबता जावे आणि दुसरा हात पहिल्याशी काटकोनात द्यावा, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. ओघळ आला किंवा माशी चिकटली तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, सगळे बॉनेट पुन्हा घासावे लागते. म्हणून जास्तीचा रंग.

अक्षरे चिकटवण्यापूर्वी रंगातील द्रावक निघून जाण्यासाठी काही आठवडे जाऊ द्यावेत, तोवर मेण किंवा पॉलिश यांना जवळ फिरकू देऊ नये. नंतर ट्रेसिंग पेपर काठांशी जुळवून अक्षरे बसवावीत, आणि बॉनेट चढवताना दोघांनीही स्वच्छ हातमोजे घालावेत, कारण तेलकट बोटांचे ठसे या काळ्यावर लगेच दिसतात.