अंटार्क्टिकातलं अस्वल: खंडाच्या नावाचा माग कसा काढावा

खंडांच्या नावांचा शोध घ्यायचा असेल तर सुरुवात अंटार्क्टिकापासून करा, असं मी प्रत्येकाला सांगते. आशिया आणि आफ्रिका ही नावं कुठून आली यावर अभ्यासकांतच मतभेद आहेत. नवख्याचा तिथे गुंता होतो. अंटार्क्टिकाची वाट जवळजवळ शेवटपर्यंत दिसते.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे उच्चाराचा प्रवास लिहायचा, उजवीकडे अर्थाचा.

उच्चार मराठीपासून मागे मागे न्या. मराठीत नाव इंग्रजीतून आलं, इंग्रजीत फ्रेंच-लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. प्रत्येक टप्प्याचं जुनं रूप लिहा. बोलताना आपण बरेचदा 'अंटार्टिका' म्हणतो, मधला 'क' गळतो. मध्ययुगीन फ्रेंच-इंग्रजीतही तो असाच गळला होता; पुढे लॅटिन रूप पाहून परत घातला गेला.

आता ग्रीक शब्द फोडा. 'अंती' म्हणजे समोरचा, विरुद्ध. 'आर्क्टोस' म्हणजे अस्वल. इथे घाई करू नका. अंटार्क्टिकावर अस्वलं नाहीत, म्हणून 'अस्वलं नसलेला प्रदेश' असा अर्थ पुष्कळ जण लावतात. ग्रीकांचं अस्वल आकाशातलं आहे: उत्तरेचा तो तारकासमूह, ज्यातल्या सात ठळक ताऱ्यांना आपण सप्तर्षी म्हणतो. आर्क्टिक म्हणजे त्या अस्वलाकडचा, उत्तरेचा. अंटार्क्टिक म्हणजे त्याच्या बरोब्बर समोरचा.

यापुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. संस्कृतात अस्वलाला 'ऋक्ष' म्हणतात, ताऱ्यालाही 'ऋक्ष' म्हणतात, आणि सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असं शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सांगितलं आहे. 'आर्क्टोस' आणि 'ऋक्ष' एकाच प्राचीन शब्दाची लेकरं. ग्रीक 'अंती' आणि वैदिक 'अन्ति' यांचंही नातं तसंच. पण म्हणून 'हे नाव संस्कृतातून आलं' असं लिहू नका. ही चुलत भावंडं आहेत, एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही. वहीत अशा शब्दांसाठी वेगळी खूण ठेवा.

नुसत्या साम्यावर विसंबायचं नाही हे मी स्वतः चूक करून शिकले. 'अंत' अधिक 'अर्क', म्हणजे जिथे सूर्य मावळतो ती भूमी, अशी फोड मी कितीतरी वर्षं खरी मानली होती. इतकी सुंदर की तपासावीशीच वाटली नाही. तपासणी सोपी असते: शब्दातला प्रत्येक ध्वनी जागेवर बसतो का, आणि नाव खरंच त्या भाषेतून गेलं का? इथे शेवटचं 'टिका' अधांतरी राहतं आणि वाटेत संस्कृत कुठेच लागत नाही. ती ओळ मी खोडली.

उजव्या बाजूला इतर भाषा लिहा. चिनी भाषेने उच्चार घेतलाच नाही: 'नानजीचोऊ', म्हणजे दक्षिण-ध्रुव-खंड. फिनिश 'एतेलामान्नर' म्हणजे दक्षिण खंड. दोन्हीकडे अर्थ पोहोचला, अस्वल हरवलं. मराठीत उलट, आवाज आला आणि अर्थ मागे राहिला.

शेवटी हे नाव कुठल्या भूमीला, केव्हा लागलं ते पाहा. 'अंटार्क्टिक' हे विशेषण ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या लेखनात आहे. 1555 मध्ये फ्रेंचांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावर वसाहत केली, तिचं नाव 'अंटार्क्टिक फ्रान्स'! आजच्या खंडाचं नाव म्हणून ते नकाशावर रुजवण्याचं श्रेय 1890 च्या दशकातल्या कामासाठी स्कॉटिश नकाशाकार जॉन जॉर्ज बार्थोलोम्यू यांना देतात.

पुढचं पान ऑस्ट्रेलियासाठी मोकळं सोडा, कारण दोन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत. लॅटिन 'ऑस्ट्रालिस' म्हणजे दक्षिणेचा. ऑस्ट्रेलियाच्याही दक्षिणेला एवढी मोठी भूमी सापडण्याची शक्यता नाही, म्हणून 'दक्षिणेची भूमी' हे नाव तिलाच शोभतं, असं इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी 1814 मध्ये लिहिलं. सहाच वर्षांनी, 1820 मध्ये, बेलिंग्सहाउझेन यांच्या रशियन मोहिमेला अंटार्क्टिकाचा बर्फकिनारा दिसला.