टोबॉगन: आधी ओढा, मग घसरा

दर हिवाळ्यात नव्याने इथे कॅनडात, ऑन्टॅरियोत आलेलं कुणीतरी मला विचारतंच, "पोरांना टोबॉगनिंगला न्यायचंय, काय काय लागतं?" टोबॉगन म्हणजे बर्फावरची बिनचाकी सपाट गाडी; तिच्यावर बसून टेकडीवरून घसरायचं. मी आधी या शब्दाचा अर्थ सांगते. मंडळी कंटाळतात, पण टेकडी दुसऱ्यांदा चढताना त्यांना तो आपोआप कळतो.

बर्फावरच्या गाडीसाठी इंग्रजीतले स्लेड, स्लेज हे शब्द 'घसरणे'च्या मुळातून आलेत. टोबॉगनमध्ये मात्र घसरणं नाही, ओढणं आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमॅक या मूळ रहिवाशांचा हा शब्द आधी इथल्या फ्रेंचांच्या तोंडी बसला आणि तिथून इंग्रजीत गेला. त्याच भाषाकुळातल्या ओजिब्वे या भाषेत 'ओदाबी' म्हणजे ओढत नेणे, आणि 'ओदाबान' म्हणजे स्लेज, घोडागाडी, आता मोटारसुद्धा. आपल्या 'गाडी'सारखंच सगळ्यांना एक नाव. रेल्वेला ते म्हणतात 'इश्कोदेविदाबान'; इश्कोदे म्हणजे विस्तव. आगगाडीच की! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ओट्यापाशी एकटीच हसत होते. (ओदाबी आणि आपलं 'ओढ' सारखं ऐकू येतं, तो निव्वळ योगायोग. व्हॉट्सॲपवर पाठवू नका.)

ओजिब्वेत टोबॉगनचं नाव 'नबगिदाबान', म्हणजे सपाट गाडी. तीच तिची खूण. स्लेजला खाली दोन पट्ट्या असतात, त्या भुसभुशीत बर्फात रुततात. टोबॉगन म्हणजे बर्च किंवा ॲश या झाडांच्या पातळ फळ्या, पुढचं टोक वाफेवर मऊ करून वर वळवलेलं. अख्खं बूड बर्फावर टेकतं, त्यामुळे वजन पसरतं. शिकार, सामान, लेकरं असं सगळं यावरून ओढत न्यायचे. मौजेसाठी टेकडीवरून घसरणं नंतरचं. क्यूबेक शहरातल्या डफरिन टेरेसवरची घसरपट्टी 1884 सालची.

आता गाडीवर बसा. मी पहिल्या वर्षी स्वस्तातली प्लास्टिकची गोल थाळी घेतली होती. ती भोवऱ्यासारखी फिरली, मी उलट्या तोंडाने खाली गेले आणि झुडपात थांबले. एक हातमोजा वसंतात सापडला. तेव्हा लांब गाडीच घ्या. टेकडी अशी बघा की खाली झाड, कुंपण, रस्ता, तळं काही नाही आणि थांबायला भरपूर मोकळी जागा आहे. बर्फ काचेसारखा चकाकत असेल तर सरळ घरी जा.

मोठं माणूस मागे, पोरं पुढे. प्रत्येकाचे पाय पुढच्याच्या कमरेभोवती. पाय बाहेर लोंबले की बर्फ थेट बुटात. हेल्मेट घालाच, स्केटिंगचं चालतं. लांब मफलर नको, तो अडकतो. पोटावर झोपून डोकं पुढे करून जायचं नाही, मुलगा कितीही हट्ट करो. वळायचं तर सगळ्यांनी एकाच बाजूला झुकायचं. मागच्याने त्या बाजूची टाच जराशी बर्फात घासायची. तरी गाडी ऐकेनाच, तर गाडीची माया सोडून बाजूला लोळण घ्या. वर चढताना कडेकडेने चढा, मधल्या वाटेने नाही; वरून येणाऱ्याला ब्रेक नसतो.

जाता जाता: स्पॅनिशमध्ये 'तोबोगान' म्हणजे बागेतली घसरगुंडी, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत काही ठिकाणी टोबॉगन म्हणजे चक्क लोकरीची कानटोपी. तिथल्या कुणी "टोबॉगन घालून ये" म्हटलं तर दचकू नका.

चार फेऱ्या झाल्या की पोरांचे पाय दुखायला लागतात. मग ती गाडीवर पाय पसरून बसतात, दोर माझ्या हातात देतात, आणि घरापर्यंतच्या दोन गल्ल्या मागून एकच आवाज येत राहतो: "आई, ओढ ना!"